मामांनी माझा हात धरला

लग्न होऊन हुपरीत आले तेव्हापासून सासऱ्यांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्यांना मी मामा म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. चांदीचं काम घरातच चालायचं. मामा पैंजणं घडवायचे, मी त्यांना घुंगरं जोडायची. दिवसभर एकाच खोलीत बसूनही त्यांच्याशी मान वर करून बोलल्याचं मला आठवत नाही.

तिशी उलटली आणि चिमटा हातातून निसटायला लागला. पुढं वेणी घालता येईना. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी एएलएस असं नाव सांगितलं. स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जातात, बरं करणारं औषध नाही, पण माझा आजार सावकाश चालणारा दिसतोय, एवढं आम्हाला कळलं. मी मात्र हट्टाला पेटले. घरात कुणी नसताना भरलेली कळशी उचलायची, ठेवायची, पार दमेपर्यंत. हातात बळ येईल असं वाटायचं. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी घास तोंडापर्यंत नेता येईना.

नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्याला रजा मिळेना, म्हणून व्यायाम शिकायला मामाच मला एसटीनं कोल्हापूरला घेऊन गेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई कळशीचं ऐकून रागावल्याच.

"गेलेली ताकद अशी परत येत नसते. सांधे आखडू नयेत, आहे ते टिकावं, म्हणून व्यायाम. दमायच्या आत थांबायचं. आणि खांदा दुसऱ्या कुणीतरी हलवून द्यायला हवा. दिवसा घरी कोण असतं?"

"मीच की," मामा म्हणाले.

"मग या पुढं. धरा हात."

मामा भिंतीकडं बघत उभे राहिले. "बाई, सून हाय माझी. हात कसा लावू?"

मला वाटलं, उठावं आणि सरळ स्टँडवर जाऊन बसावं. पण खोलीचं दार उघडायलाही मला त्यांचीच मदत लागणार होती. शेवटी मामांनी धोतराला हात पुसले आणि माझं मनगट धरलं.

घरी दार लावून व्यायाम सुरू झाला. मामा हळूहळू माझा हात वर न्यायचे, मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. एकदा शेजारीण विरजण मागायला आली. तिनं दार लोटून आत बघितलं आणि तोंडाला पदर लावून मागं फिरली. नंतर गल्लीत काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं. मी मामांना म्हटलं, "आता नको. दुखायचं थांबलंय." ते खोटं होतं. थोड्याच दिवसांत खांदा इतका आखडला, की नवरा मला ब्लाऊज घालून द्यायला लागला तरी मी ओरडायची.

ते मामांनी ऐकलं. सकाळी त्यांनी खुर्ची अंगणात ठेवली आणि मला धरून बाहेर आणलं. गल्लीत बायका पाणी भरत होत्या.

"मामा, आत चला. लोक बघत्यात."

"बघू देत की. दाराआड करतोय म्हणून बोलत्यात. आपण काय वंगाळ करतोय व्हय?"

असं म्हणाले खरे, पण त्यांचेही कान लाल झाले होते. माझा पदर घसरला होता आणि मला तो उचलता येत नव्हता. मामांनी आधी तो डोक्यावर ओढून दिला, मग हात धरला. मला रडू फुटलं.

खांदा सुटायला बरेच आठवडे लागले. माझा चेहरा जरा आकसला की मामा थांबायचे. बोलणारे बोलून थकले. माझी लाज मात्र गेली नाही. रोज त्यांची पावलं वाजली की अंग चोरलं जायचं, आणि एवढं करणाऱ्या माणसापुढं अंग चोरते याचीही लाज वाटायची.

आता माझे पाय गेलेत, जीभ जड झालीय. मी सांगते आणि नवरा हे लिहून घेतो. मामा थकल्यापासून व्यायामही तोच देतो. त्याची घाई असते. मग आतून मामा ओरडतात, "हळू रं, हिसका बसंल तिला."