बादशहाची आई

ठाणाकुशनूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा माझी गौरी माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या कडेवर होती. तीन वर्षांची पोर. मी बॅग वर चढवली आणि तिनं रडून गाव गोळा केलं. केस विंचरताना म्हणायचे तसंच मी म्हणाले, "रडू नको बाई, झालंच आता."

माझे वडील, अप्पा, भडकले. "निघताना झालं कामून म्हनायलीस? येते म्हन."

येते म्हणाले आणि बीजिंगला आले, योग शिकवायला. नवऱ्याचं घर सुटलं होतं, पोरीला माझ्याच जिवावर वाढवायचं होतं. अक्का म्हणाली होती, "जा तू. मी हाय की."

गावाकडच्यांनो, इथं माझं बरं चाललंय. मॅट, मेट्रो, फोनवरच सगळे व्यवहार. नूडल्सवर शेंगाचटणी टाकून खाते, अप्पांना सांगू नका.

एका सुट्टीत वर्गातली लिन मला जुना राजवाडा दाखवायला घेऊन गेली. चीनच्या शेवटच्या बादशहाची गोष्ट तिनंच सांगितली. तीन वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा त्याला आईपासून उचलून आणलं नि गादीवर बसवलं. पोर भोकाड पसरून घरी जायचं म्हणायलं. त्याला धरून बसलेला बाप म्हणाला, रडू नको, झालंच आता. ऐकून दरबाऱ्यांच्या काळजात चर्र झालं. आणि थोड्याच वर्षांत खरंच राज्य गेलं.

गादीचं मला काय घेणंदेणं? मी विचारलं, "आणि त्याची आई?"

आई भेटली म्हणे, कितीतरी वर्षांनी. समोर उभी राहिली, तर त्याला काहीच वाटलं नाही. त्याचा सगळा जीव दूध पाजणाऱ्या दाईवर.

त्या दिवसापासून व्हिडिओ कॉल लावायचीच धास्ती बसली. गौरी जरा वेळ बघायची आणि "मोठीमाय, घे" म्हणून फोन अक्काकडं द्यायची. अक्काचा राग यायचा मला. तिनं घास भरवायचा, तिनं रात्रीचं उठायचं, आणि राग मी करायचा. कसलं हे मन, देवा.

दोन वर्षांनी येळवशीला, शेतातल्या अवसेच्या सणाला, रजा काढून गेले. शेतात पूजेसाठी कडब्याची कोप उभी, भज्जी, आंबील, सगळं गोत जमलेलं. गौरी अक्काच्या पदराआड. अक्का म्हणाली, "जा की, आई हाय तुजी." ती हलली नाही. हसायचं असं ठरवून आले होते, पण तिथंच ढेकळांत बसले आणि रडू फुटलं.

मग ती हळूच आली. माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "रडू नको बाई, झालंच आता."

मी अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, "तुजा फोन ठिवला की रोज रडायची. म्हनून तर लौकर माज्याकडं द्यायची. मंग मी तुजंच बोलनं म्हनायची तिला."

जे माझ्यासारखे गेलेत त्यांना कळेल. आपण निघताना जिथं कुणीतरी रडतं ते आपलं घर, असं मी धरून चालले होते. पण परवा परत निघताना स्टँडवर गौरी रडलीच नाही. अक्काचं बोट धरून उभी होती. तिनं गिळलं, की तिला आता काही वाटेनासं झालं, या विचारानं झोप येत नाही. गाडी हलली तशी ती ओरडली, "येते म्हन की!"

मी खिडकीतून म्हणाले. तिला ऐकू गेलं का, माहीत नाही.