दार नसलेली खोली

आधीच सांगतो, असले किस्से सांगणाऱ्यांची मला कीव येते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... आणि फोन नेमका तेव्हाच बंद पडलेला असतो! या सदरात मी आजवर फक्त टिंगल करायला यायचो. आज स्वतःचं लिहितोय, तेव्हा खुशाल हसा.

साल २०१८, जून महिना. सिंगापूर, मरीन परेडमधला आमचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी बँकेत, रॅफल्स प्लेसला. मुलगी इरा, अकरा वर्षांची. तिला शाळेसाठी एका जुन्या वास्तूचं मॉडेल करायचं होतं. माझ्या इंग्रज साहेबाने त्याच्या खेड्यातल्या प्रायरीची, म्हणजे मध्ययुगातल्या एका छोट्या ख्रिस्ती मठाची, पुस्तिका मोठ्या कौतुकाने दिली. कसलं डोंबलाचं कौतुक! पाच-सहा साधू, एक चर्च, त्याच्या दक्षिणेला चौक, चौकाभोवती ओसरी, पूर्वेला झोपायची माडी, समोर जेवणघर. आमच्या पुण्याच्या सोसायटीचं क्लबहाऊस याहून मोठं आहे. पुढे राजाने मठ बंद केले आणि गावकऱ्यांनी दगड गोठ्यांसाठी पळवले. उरली चर्चची उत्तरेकडची एक भिंत, तीही वेलाने पूर्ण झाकलेली.

प्रोजेक्ट मुलीचा, म्हणजे अर्थातच माझा. आपल्या लोकांत तशीच रीत आहे. शनिवारी दुपारी मी फोमबोर्ड, कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन बसलो. इराला गोंद लावायचं काम दिलं.

चहा करून आलो, तर तिने उत्तरेच्या भिंतीत अगदी खाली एक उभी फट कापली होती आणि बाहेरून काडेपेटीएवढी खोली चिकटवली होती. तिला दार नाही, खिडकी नाही – फक्त ती चर्चमध्ये उघडणारी फट.

मी पुस्तिकेतला नकाशा तिच्यासमोर आपटला. यात कुठे आहे ही खोली? आणि बिनदाराची खोली कुठला गवंडी बांधतो?

"बाबा, ही डझन्ट वॉन्ट टु कम आऊट, लाह," ती शांतपणे, तिच्या त्या 'लाह' लावायच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"कोण?"

"द मॅन. गुडघ्यावर बसतो ना तो, म्हणून फट खाली."

मी हसलो. बायकोला मुद्दाम बोलावून तिच्यासमोरही हसलो. मग ती खोली उपटून रबिश शूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्यावर कचरा नेणाऱ्या नळीत, टाकली, फटीवर पुठ्ठा चिकटवला आणि वर हिरवा वेल रंगवला. झकास दिसत होतं. इरा रडली नाही. हात धुऊन निघून गेली.

ऑगस्टमध्ये साहेब रजेवरून परतला. तिकडे उन्हाळा भयंकर होता, शेतं करपली होती. त्याने फोटो दाखवले. गावाने भिंतीवरचा वेल काढला होता. भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, दगडांनी बुजवलेली एक उभी फट. आणि भिंतीबाहेर, बरोबर फटीसमोर, गवत वाळून एक लहानसा पिवळा चौकोन उमटला होता. जुना पाया खाली असला की वरचं गवत आधी वाळतं म्हणे. गावात कुणालाच याचा पत्ता नव्हता. साहेब रंगात येऊन सांगत होता – काही साधक स्वतःला असं चर्चच्या भिंतीला लागून चिणून घेत, फटीतून पूजा बघत आणि आतच मरत.

तुमची स्पष्टीकरणं मला तोंडपाठ आहेत, आजवर मीच ती इतरांच्या तोंडावर फेकत आलोय. इराने नेटवर वाचलं असेल? तिचा टॅब मी चोरून तपासला, लाज वाटली तरी. काही सापडलं नाही. आणि असे साधक असायचे हे वाचलंही असेल, पण वेलाखालची ही जागा तिला कुणी सांगितली? योगायोग म्हणून पाहिलं... समाधान होत नाही.

मी इराला फोटो दाखवला, सॉरी म्हणालो आणि तुला कसं कळलं, असं विचारलं. तिने फोटो बराच वेळ पाहिला.

"यू ऑलरेडी थ्रो अवे, राइट? नेव्हर माइंड, लाह."

त्या माणसाबद्दल मला आजही काही कळलेलं नाही. त्यानंतर तिने केलेली एकही वस्तू मला दाखवलेली नाही. चित्रं काढते, असं तिच्या आईकडून कळतं. मी तिच्या दारावर टकटक करतो, आतून "बिझी" असं उत्तर येतं, आणि मी थोडा वेळ बाहेर उभा राहतो.