मष्णू पोतदाराचा खटका

निपाणीच्या बाजारात मष्णू पोतदाराचं दुकान म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि दारात अंथरलेली चटई. गोठ, तोडे, जोडवी यांत त्याचा हात बसलेला. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी गावात मनगटी घड्याळं दिसू लागली, आणि त्यांचे पट्टे तुटले की लोक मष्णूकडंच यायला लागले.

राजमती नर्सही तशीच आली होती. सदलग्याच्या जैन शेतकऱ्याची ही लेक बेळगावात नर्सिंग शिकून आसपासच्या खेड्यांत बाळंतपणं करायची. मष्णूनं तिच्या घड्याळाला चांदीचा पट्टा केला, दाबून बसणारा खटका लावला. पण महिनाभरात ती परत आली तेव्हा घड्याळ हातावर नव्हतं. रुमालात होतं, काच फुटलेलं.

"अण्णा, बाळंतिणीनं माझं मनगट आवळून धरलं आन् खटका उघडला," ती म्हणाली. "घड्याळ पडलं फरशीवर. बाळाचे ठोके मोजायचे हुते. अंदाजावर निभावलं, पन दरवेळी निभंल असं न्हाय."

ती एका शब्दानंही रागावली नाही. मष्णूला तेच जास्त लागलं. काम त्याच्या हातचं होतं.

काच बसून येईपर्यंत त्यानं नवा खटका केला. भिंतीवरच्या मोडक्या घड्याळाची कमान कापून जाड स्प्रिंग घातली. तो इतका घट्ट झाला की उघडताना राजमतीचं नख मोडलं. मग त्यानं तोड्याला असतं तसं मळसूत्र बसवलं. ते काही केल्या सुटेना, पण राजमतीनं मान हलवली.

"हात धुवायला मला हे झटक्यात काढावं लागतंय. फिरवत बसले तर मूल माझ्याआधी भाईर येईल."

मष्णू हसला खरा, पण त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. "आवो, घास तरी गिळा," बायको मालुबाई म्हणायची, आणि हा भाकरी हातात घेऊन स्वतःच्या मनगटाकडं बघत बसायचा.

एके दिवशी राजमती पुन्हा तो घट्ट खटका उघडून बघत होती. नख लागेना म्हणून तिनं सहजच अंगठा आणि बोट दोन्ही कडांना लावून चिमटा काढला. मष्णूनं ते पाहिलं आणि ताडकन उठला.

"आक्का, थांबा! धक्का बसतोय तो एका अंगानं. चिमटा दोन अंगांनी! दोन बटणं करतो, समोरासमोर. एक दाबलं तर हलायचं न्हाय. दोन्ही दाबली तरच सुटायचं."

"मग हुतंय काय बघा की," राजमती म्हणाली, आणि घड्याळ तिथंच ठेवून गेली.

खटका तयार झाला तसा तो हातात घालून मष्णू तालमीत गेला आणि रवळू पैलवानापुढं त्यानं मनगट धरलं. "धर. पाहिजे तसं पिरगळ."

रवळूनं पंजा आवळला मात्र, पट्टा सुटून लाल मातीत पडला. तालमीतली पोरं खो खो हसली. मष्णूनं पट्टा उचलून फुंकर मारली. एवढा रुंद पंजा दोन्ही बटणं एकदमच दाबत होता. तो तडक दुकानात आला, दोन्ही कडांना बोटाचं टोक तेवढं शिरेल अशी खोलगट खाच कोरली आणि बटणं खाचेत आत बसवली.

दुसऱ्या दिवशी रवळूनं मनगट धरलं, पिरगळलं, हिसडलं. मष्णूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खटका जागचा हलला नाही.

"मनगट उपटंल, ह्ये न्हाय सुटायचं!" रवळू ओरडला, आणि काल हसलेली पोरं टाळ्या पिटायला लागली.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. राजमती नव्या खटक्याचं घड्याळ घालून भावकू गाडीवानाच्या बैलगाडीतून दूधगंगेच्या काठानं एका अडलेल्या बाईकडं निघाली होती. ओढ्यात चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली. ती पाण्यात पडली, तरी घड्याळाचा डावा हात वर धरून तिनं चाकाचा आरा पकडला. भावकूनं नेमकं तेच मनगट धरून तिला काठावर खेचलं. तशीच चिंब अंगानं ती पुढं चालत गेली.

सकाळी ती थेट दुकानात शिरली. लुगडं चिखलानं भरलेलं, मनगटावर भावकूच्या बोटांचे वळ, आणि घड्याळ चालू.

"मुलगी झाली, अण्णा! दोघी खुशाल. येक ठोका चुकला न्हाय मोजायचा!"

गिऱ्हाइकं बघतच राहिली. मष्णूनं तिच्या मनगटाला दोन बोटं लावली, चिमटा काढला. टक्कन आवाज करत पट्टा सुटला. खाचेत वाळूचे कण होते, ते त्यानं ब्रशनं झाडले.

ही गोष्ट गावभर झाली. लॉरीवाले आले, मोटारसायकलवर हिंडणारा पोस्टाचा माणूस आला. युद्ध पेटलं तेव्हा बेळगावच्या कॅम्पातले शिपाई सुट्टीवर जाता-येता निपाणीत उतरून खटका बसवून घेऊ लागले. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका घड्याळवाल्यानं मष्णूला बोलावून घेतलं आणि दहा माणसांदेखत पट्ट्याला हिसके मारून पाहिले. दमल्यावर त्यानं हात जोडले.

"पोतदार, आता आमच्या सगळ्या पट्ट्यांना हाच खटका लावा."

मष्णू त्या संध्याकाळी मोटारीतून परतला तेव्हा मालुबाई दारातच उभी होती. तो लांबूनच मोठ्यानं हसला, आणि तिला सगळं कळलं.