नारू तांडेलची जुनी जीप

नारू तांडेल चिंचणीच्या मच्छीमाराच्या घरातला, पण त्याला बोट लागायची. म्हणून तो पोलिसात ड्रायव्हर झाला, असं त्याची बायको देवकी हसून सांगे.

१९६२ साली तलासरीच्या ठाण्यात दोन गाड्या होत्या. एक महायुद्धाच्या काळातली जीप आणि दुसरी महिनाभर चालवून बघायला जिल्ह्याहून आलेली नवी व्हॅन. कुठली ठेवायची हे फौजदारसाहेब नारूला विचारून ठरवणार होते. नवी व्हॅन डांबरी रस्त्यावर सुसाट पळे, पण दगडांवर तिचं पोट घासे. जुनी ओढ्यातून, चढावरून कुठेही जाई. फक्त तापलेली असताना बंद केली तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नव्हता.

त्या दुपारी वेवजीजवळच्या पाड्यावरचा काकड्या धापा टाकत ठाण्यात आला. त्याची बायको जिवली कालपासून अडली होती. आधी तो डॉक्टरांकडे गाडी मागायला गेला, तर ती बाहेरगावी गेलेली. साहेबांनी नारूला पाठवलं. वाट दगडांची, म्हणून नारूने जुनी काढली.

पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. चुलीवर भात रटरटत होता, जिवलीची बाज रिकामी होती. दारूच्या धाडीला हीच जीप येई. तिचा आवाज ऐकताच सगळे रानात शिरले होते, अडल्या बाईलाही झोळीत घालून.

काकड्याने हाका मारल्या. कुणी ओ देईना.

"त्यांना वाटतं, मला धरून आणलंय. दादा, गाडी बंद कर. ही धडधडते तोवर कोणी यायचं नाही."

"आणि मग चालूच नाही झाली तर?"

नारूने इंजिन बंद केलं. टोपी आणि खाकी सदरा काढून तो बनियनवर उभा राहिला. रान गप्प होतं. मग झाडीतून कण्हणं ऐकू आलं, आणि जिवलीची नणंद सोमी पुढे आली. तिच्यामागून झोळी.

जिवलीला आत निजवून नारूने बटण दाबलं. जीप कुरकुरली आणि गप्प झाली. जिवलीचे ओठ पांढरे पडत होते.

"ढकला," नारू म्हणाला. कुणी हात लावेना. याच गाडीतून त्यांची माणसं नेली होती.

सोमीने खांदा लावला. "ढकला रे. आत आपली जिवली आहे."

मग सगळे भिडले. इंजिन खोकलं, धडधडलं, आणि ढकलणाऱ्यांपैकी दोघे सवयीने पुन्हा झाडाआड पळाले.

डहाणूच्या दवाखान्यात सूर्य बुडताना मुलगी झाली. दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी नारूने साहेबांना सांगितलं, जुनीच ठेवा, दगडांवर तीच टिकते. काकड्याला मात्र तो हळूच म्हणाला, "कुणाला दवाखान्यात न्यायला आलो तर लांबूनच दोनदा भोंगा वाजवीन."

"आणि नाही वाजला तर?"

"तर तुमचं तुम्ही बघा."