ईराच्या अर्जावरची सही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

माझी मुलगी ईरा इथे नेदरलँड्समध्येच, एनस्खेडेला कॉम्प्युटर सायन्स शिकते. पण तिला जायचं होतं अमेरिकेत, एका ठरावीक कॉलेजात. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज भरला. म्हणजे इतरांच्या आधी त्या एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि घेतलंत तर तिथेच येईन, असं लिहून द्यायचं. त्यावर पालकाची सही लागते. तिने माझा ईमेल दिला.

त्याच आठवड्यात आमच्या गावातल्या, कापेलमधल्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिच्या वर्गातल्या एका मुलाची आई मला म्हणाली, “तुमचं बरंय बाई. मुलगी, त्यात कॉम्प्युटर, त्यात अर्ली. डोळे झाकून घेतील!”

खरं-खोटं मला माहीत नाही. पण असलं वाक्य मी आधीही ऐकलं होतं. मुलींसाठीच्या राखीव जागेवर मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं होतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला पार्टनर म्हणाला, “तुला काय, कोट्यातून आलीस.” नंतरची चार वर्षं मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. डिग्री घेतली, लग्न करून इथे आले, कोड पुन्हा लिहिलाच नाही. आणि ईराला? तिला सांगत आले — आईला मेरिटवर सीट मिळाली होती.

तर — लिंक आली. मी उघडली. ईराचं नाव, खाली रिकामी चौकट. दोन मिनिटांचं काम. मी लॅपटॉप मिटला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सायकल काढता काढता तिने विचारलं, “आई, साइन केलंस ना?”

“हो गं, केव्हाच.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून कळलं, सही नाही. “मी तर केली होती,” मी म्हटलं. तिला संशयही आला नाही. उलट मलाच समजावत राहिली — “इट्स ओके आई, सिस्टिमचा प्रॉब्लेम असेल.” अर्ज नंतरच्या फेरीत गेला. नकार आला.

का केलं मी? तिलाही ते ऐकावं लागेल म्हणून? की ते ऐकूनही ती मान वर करून शिकेल, हे मला बघवलं नसतं म्हणून? की नुसती लांब जाईल म्हणून? दर वेळी वेगळं उत्तर येतं — आणि दर वेळी तेच खरं वाटतं. सही असती तर तिला घेतलं असतं का? तेही कधीच कळणार नाही.

गेल्या रविवारी ती घरी आली होती. ओळखीतल्या एका मुलीला फोनवर अर्जाचं समजावत होती, “आईबाबांनी सही केली की स्क्रीनशॉट घेऊन ठेव हं. माझ्या आईची सही सिस्टिमने खाल्ली.”

मी समोरच बसले होते.