उजेड पोचला नाही

कापड गिरणीच्या तपासणी खात्यात खोडकाकूंशी कोणी गोड बोलल्याचं ऐकिवात नाही. आणि काकू कोणाशी गोड बोलल्या, अशी तर अफवासुद्धा कधी उठली नाही. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर कापड सरकवायचं आणि त्यातली खोड काढायची, हे त्यांचं एकोणतीस वर्षांचं काम. नवरा घरी जेवायला बसे तोही तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

थोरली बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली, म्हणून काकूंनी मॅमोग्राफी करून घेतली. यंत्राच्या पाटीखाली छाती दाबणाऱ्या मुलीला, "इस्त्री करतेस का गं?" असं विचारून झालं. रिपोर्ट आला : 'दोष आढळला नाही.' खाली बारीक अक्षरांत : 'स्तनांची घनता जास्त.'

"सुटलो बुवा!" नवरा म्हणाला.

"तुम्ही कसले सुटताय? छाती माझी!"

दुसऱ्या दिवशी काकू डॉक्टरांपुढे उभ्या.

"अहो, कितीतरी बायकांचं असं असतं. चरबी कमी, ग्रंथींचं जाळं दाट. हा काही आजार नव्हे. फोटोत ते पांढरं दिसतं, एवढंच."

"आणि गाठ?"

"तीही पांढरीच."

"म्हणजे पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा! जाड कापडातून दिवा आरपार जात नाही, तेव्हा मी 'खोड नाही' असं लिहीत नाही. 'उजेड पोचला नाही' असं लिहिते. तुम्हाला लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलंय की खाली."

"मुंगीला वाचायला?"

"पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"बहिणीलाही तुम्ही लोकांनी पुढचंच वर्ष दिलं होतं. तिला ते पुरलं नाही."

डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. लिहिली कसली, कागदात पेन भोसकलं.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई डाव्या बाजूला थांबल्या. पुढे गेल्या, मागे आल्या, पुन्हा तिथंच थांबल्या. तपासणाऱ्याचा हात असा कधी थांबतो, हे काकूंना कोणी सांगायला नको होतं.

"गाठ आहे. लहान आहे," बाई हळूच म्हणाल्या. "सुईने तुकडा काढून तपासावा लागेल. बरं झालं, वेळेत आलात."

काकू ताडकन उठून बसल्या.

"वेळेत मी आधीच आले होते. मला घरी पाठवलंत तुम्ही लोकांनी. आता ती सुई कधी टोचताय ते बोला. आणि महिनाबिहिना नको, वार सांगा."