शील्ड आल्याशिवाय बाशिंग नाही

आमच्या कंग्राळीच्या जुन्या फुटबॉल टीमचा एकेक गडी जातोय आणि किस्से मात्र वाढताहेत. खेळणारे कमी झाले, तसे गोल जास्त झाले! म्हणून झालं तेवढंच लिहितो. मी सेंटर हाफ होतो. बॉल कुठं होता, ते मला ठाऊक.

* * *

शील्ड दरवर्षी लोंढ्याची टीम न्यायची. एकदा फायनल हरल्यावर आमचा गोलकीपर परशा मैदानातच ओरडला, "शील्ड गावात आल्याबिगर बाशिंग बांधणार न्हाय!"

कॅप्टन आप्पांनी कपाळावर हात मारला. "गाढवा, तुझं लगीन ठरलंय. पोरगी लोंढ्याचीच हाय!"

* * *

आम्ही अनवाणी खेळायचो. पुढच्या वर्षी बूट मागून आणले. कुणाला ढिले, कुणाला घट्ट. हाफटाइमपर्यंत निम्मी टीम घसरून पडली. आप्पा म्हणाले, "काढा ती खेटरं!"

अनवाणी उतरलो, तर लोंढ्याचा एकजण म्हणतो, "काय रं, देवळात चाललाय काय?"

हरलो. लग्न लांबलं.

* * *

परशाची आई म्हैस चारायच्या निमित्तानं प्रॅक्टिस बघायला यायची. एकदा परशाच्या हातून बॉल सुटला. म्हातारी बांधावरून कडाडली, "जेवताना भाकरी सुटत न्हाय रं हातातनं! मला सून बघून मरायचं हाय!"

* * *

मग पोरीचे वडील आले. "आप्पा, तसलीच शील्ड करून आणतो. पर लगीन उरका."

आप्पा म्हणाले, "मग नवराबी तसलाच करून आणा!"

* * *

तिसऱ्या वर्षी पुन्हा फायनल. समोर लोंढाच. आम्ही एका गोलनं पुढं. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मारायला आला शंकर. त्यांचा हुकमी गडी, आणि पोरीचा सख्खा भाऊ!

कडेला त्याचे वडील उभे. नुसती टोपी काढून हातात धरली.

शंकरनं किक मारली. परशा उडी घेऊन चिखलात आडवा. बॉल बारवरून गेला तो थेट जोंधळ्यात!

शील्ड मांडवात टांगून लग्न लागलं. रिवाजाप्रमाणं शंकर नवऱ्याचा कान पिळायला आला. मी शेजारीच होतो. परशानं हळूच विचारलं, "पावणं, खरं सांगा. मुद्दाम मारलासा न्हवं वर?"

शंकरनं कान आणखी पिळला.

"दाजी, आदी उडी तरी बरोबर बाजूला मारायला शिका!"